बत्तीस पावसाळ्यांचा ओरखडा

शर्वाणीनं पहिल्यांदा लाकडाकडून काही वदवून घेतलं, तेव्हा ते लाकूड म्हणजे तिच्या आईचं लाटणं होतं. लाटणं म्हणालं, एकोणीस वर्षांत माझ्यावर एकच जबर घाव पडलाय आणि तो कणकेचा नाही.

"झुरळ होतं," आई म्हणाली.

"ते माझ्या पायावर बसलं होतं," बाबा म्हणाले.

खोटं वाटत असेल तर मिरजेला या. लाटणं अजून वापरात आहे, आणि शर्वाणीचे बाबा भूपाल आरवाडे स्वयंपाकघरात अजून चपला घालून जातात.

तर ही शर्वाणी म्हणजे माझा पन्नास वर्षांचा दोस्त नरहर म्हैसाळकर याची नात. नरहरला सगळी मिरज नाना म्हणते, म्हणून मीही म्हणतो. नाना आठवडाभर पोस्टात पत्रं लावायचा आणि रविवारी पांढरा कोट चढवून मैदानावर अंपायर म्हणून उभा राहायचा. मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट, आणि रविवारी सीमारेषेबाहेर लिंबाखाली टेबल टाकून स्कोअरर. नानानं खूण करायची, मी लिहायचं. का, असं विचारायचं नाही. स्कोअरर का म्हणून विचारायला लागला तर मॅच संपायची नाही.

आता यंत्राचं थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढं अडायला नको.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची घट्ट बांधलेली जुडी. झाड जिवंत असताना त्यातून पाणी चढतं. झाड कापलं की नळ्या रिकाम्या राहतात. अशा लाकडावर घाव बसला की त्या जागच्या नळ्या चेपतात. वरून हात फिरवा, तेल लावा, काही दिसणार नाही. आत चेपलेली नळी तशीच. ही नळी पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून फुगते, उन्हाळ्यात सुकून आक्रसते, आणि दर वर्षी तिच्या भिंतीवर एक अतिसूक्ष्म घडी पडते. घड्या मोजल्या की घाव किती पावसाळ्यांपूर्वीचा, ते कळतं.

एकाच दिवशी दोन घाव बसले असतील तर? त्याचीही सोय निसर्गानं केलेली आहे. आटलेल्या तळ्याचा चिखल बघा. नंतर पडलेली भेग पसरत पसरत आधीच्या भेगेपाशी येते आणि तिथंच थांबते; तिला ओलांडून जात नाही. लाकडाच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असंच वागतात. कोण कुणापाशी येऊन थांबलं, एवढं बघितलं की आधीचा कोण आणि नंतरचा कोण, याचा उलगडा झाला. शर्वाणीनं क्ष-किरणांनी हे सगळं टिपणारी पेटी तयार केली आणि घड्या मोजायला संगणकाला शिकवलं. एका घड्याळजीला पुरेल एवढ्या खोलीत हे मावतं.

पेटी तिनं मुळात केली सतारमेकर गल्लीसाठी. नव्या तंबोऱ्याला चहाचं पाणी पाजून 'आजोबांच्या काळचा' म्हणून विकणारे लोक वाढले होते. पेटीनं त्यांची दुकानदारी दोन महिन्यांत बंद केली. मग गावाला नाद लागला. निवृत्त हेडमास्तर छडी घेऊन आले आणि चार हजार एकशे बारा फटके ऐकून स्वतःच रडले. एका माजी नगराध्यक्षांनी आपली खुर्ची आणली. पेटी म्हणाली, वजन भरपूर पडलंय, हालचालीची खूण नाही. आणि मग माळ्यावरच्या बॅटी निघाल्या. सांगली, जयसिंगपूर, पार जतपासून लोक जुन्या बॅटी धोतराच्या फडक्यात गुंडाळून रांगेत उभे राहायला लागले. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं: त्या दिवशी लागली होती की नव्हती?

नानाचे जुने सहकारी त्या गल्लीतून जाईनासे झाले. तिघांनी तर मिरज सोडून मुलांकडे पुण्याला जायचं ठरवलं. नाना मात्र निवांत होता. म्हणायचा, "अण्णा, मी शंका असली की बोट वर केलंच नाही कधी. आपल्याला कसली भीती?"

फक्त एक बॅट सोडून. आणि ती त्याच्या जावयाच्या कपाटात होती.

* * *

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडीअड्डा मैदानावर जिल्ह्याचा निवड सामना. त्या काळी गाडीअड्ड्यावर एका वेळी दोन मॅचा चालायच्या, दोन्ही मैदानं एकमेकांत घुसलेली. आमचा थर्ड मॅन त्यांच्या मिड ऑनच्या पाठीला पाठ लावून उभा. एकाच्या डब्यातला चिवडा दुसऱ्यानं खाल्लेला मी स्वतः पाहिलाय.

भूपाल आरवाडे तेव्हा पंचवीस वर्षांचा. त्रेचाळीस धावांवर होता. राज्याच्या शिबिराला एकच जागा उरली होती आणि पन्नास झाले की ती त्याची, असं निवड समितीनं जवळजवळ सांगूनच टाकलं होतं. एक चेंडू त्यानं असा काही कव्हरमधून मारला, की माझ्या टेबलाखालून गेला आणि टेबलाला कळलं नाही. पुढचा चेंडू जरा उसळला, बॅटीजवळून गेला, विकेटकीपरनं धरला, आरोळी झाली, नानाचं बोट वर गेलं.

"लागलीच नाही!" भूपाल ओरडला. मग जाता जाता नानाजवळ थांबून काहीतरी बोलला आणि निघून गेला. शिबिराची जागा दुसऱ्याला मिळाली. भूपालनं ती बॅट तेल लावून, फडक्यात बांधून कपाटात ठेवली आणि पुन्हा कधी हातात धरली नाही. स्टेशन रोडला पंपांचं दुकान काढलं.

याच दुकानात सहा महिन्यांनी नानाची मुलगी वृंदा बिघडलेली मोटार घेऊन गेली. मोटार दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले. एका मोटारीला पाच आठवडे लागत नाहीत, हे मला टायपिस्ट असून कळत होतं. आरवाडे जैन, म्हैसाळकर कऱ्हाडे. वर ती बॅट. आम्हाला वाटलं, घरात रामायण होणार. पण वृंदानं विषय काढला आणि नानानं एका दमात होकार दिला. सगळी मिरज म्हणाली, किती मोठ्या मनाचा माणूस.

तेव्हापासून तो चेंडू त्या घरात जावयासारखाच राहायला होता. दिवाळी असो, शर्वाणीचं बारसं असो, जेवणं झाली की भूपाल म्हणणार, "नाना, लागली नव्हती." आणि नाना सुपारी कातरत म्हणणार, "भूपाळराव, लागली होती." भांडण नव्हे. पण थट्टाही नव्हे. भूपालच्या डोळ्यांत तेवढ्यापुरतं जे काही येई, ते बघून वृंदा उठून ताटं उचलायला लागे.

* * *

यंदा अधिक महिना आला. जावयाला धोंडे द्यायचे, तेहतीस अनारसे वाण म्हणून. वहिनी, म्हणजे नानाची बायको, जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा वृंदानंच माहेरी येऊन स्वतःच्या नवऱ्यासाठी अनारसे तळले. मला आमंत्रण होतं, कारण अनारसे तेहतीसच द्यायचे असले तरी तळले जास्त जातात.

जेवताना क्रिकेट असोसिएशनचे सेक्रेटरी इनामदार आले. बातमी अशी, की सांगली रस्त्यावरच्या नव्या मैदानात अंपायरांच्या खोलीला नानाचं नाव द्यायचं ठरलंय. 'नरहर म्हैसाळकर पंच कक्ष'. पितळी पाटी. येत्या रविवारी.

"एकतीस वर्षांत एक निर्णय चुकला नाही, असा माणूस दाखवा मला," इनामदार म्हणाले.

सगळे खूश. नाना खाली बघत होता. भूपालनं अनारशाचा तुकडा ताटात ठेवला.

"एक सोडून," तो म्हणाला.

"अहो, आज नको," वृंदा म्हणाली.

"आजच. नाना, पाटीला माझा विरोध नाही. पाटी मी स्वतः पुसेन रोज. पण पाटीवर तुमचं नाव कायमचं लागणार, आणि मी ते वाचून कायमचा खोटारडा ठरणार. मी सत्तावन्न वर्षांचा झालो. मला नुसतं कळू दे. बॅट तशीच आहे. त्या चेंडूनंतर तिला चेंडू काय, माशीसुद्धा लागलेली नाही. शर्वाणी, शेवटचा घाव कुठला आहे तेवढं सांग. मधोमध असेल तर तो माझा चौकार. म्हणजे पुढच्या चेंडूला लागली नाही. कडेला असेल तर..."

"तर?" नानानं विचारलं.

"तर भर सभेत तुमचे पाय धरीन."

इनामदारांना कल्पना फारच आवडली. सभेत निकाल वाचायचा, मोठ्या पडद्यावर. लोक येतील, पेपरवाले येतील. शर्वाणी म्हणाली, "बाबा, एकदा पेटीत घातली की मी निघेल तेच सांगणार. तुमच्या बाजूनं नाही आणि नानांच्याही नाही."

"म्हणून तर तुझ्याकडं देतोय," भूपाल म्हणाला.

नाना हात धुवायला उठला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

* * *

गुरुवारी सकाळी तो माझ्याकडे आला. काठी टेकत, ऐंशी वर्षांचा माणूस, अर्धा गाव चालून.

"अण्णा, तू पोरीला सांग. तुझं ऐकते ती. म्हणावं पेटी बिघडली म्हण."

"मी का सांगू? तुझी नात."

"मी सांगितलं तर कारण विचारेल."

मी त्याला चहा दिला. म्हटलं, आता या वयात एक निर्णय चुकीचा निघाला तर काय आकाश कोसळणार आहे का? वाटल्यास त्या वेळी तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता, असं मी सांगतो. माझ्या सांगण्यावर गावाचा विश्वास नाही, त्यामुळं तुलाही त्रास नाही.

नाना हसला नाही. "अण्णा, मी चुकलेलो निघालो तर फार बरं होईल रे."

मला वाटलं, म्हाताऱ्याला जावयाची दया आली. मी म्हटलं, "अरे, मग झालं तर. निघालास चुकीचा, तर भूपाल खूश. निघालास बरोबर, तर पाटी. दोन्हीकडून तुझंच."

"तुला काही कळत नाही," तो म्हणाला. "लिहायला बसवलं तेच बरं केलं तुला."

चहा तसाच ठेवून गेला. मीही पेटी बिघडवायला गेलो नाही. एक तर शर्वाणीला खोटं लगेच कळतं; दुसरं म्हणजे मलाही बत्तीस वर्षं उत्सुकता होतीच की.

* * *

रविवारी नव्या मैदानाच्या हॉलमध्ये दोनशे खुर्च्या आणि तीनशे माणसं. शेजारच्या खोलीच्या दारावर पितळी पाटी लागलेली, वर झेंडूची माळ; हॉलमध्ये समोर मोठा पडदा. नानाला पहिल्या रांगेत बसवलेलं. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वृंदा. भूपाल मागच्या रांगेत, नवा शर्ट घालून. लग्नात नव्हता इतका तो त्या दिवशी ताठ बसला होता.

शर्वाणीनं बॅट टेबलावर ठेवली आणि पडद्यावर तिचं पोट उघडलं. आम्हाला दिसलं काय, तर पावसात भिजलेल्या भिंतीचा फोटो. पण ती एकेक दाखवत गेली तसं दिसायला लागलं. "हा मधोमधचा मोठा घाव. बत्तीस पावसाळे. हा तो चौकार. आणि ही बाहेरची कड. इथं हा एक ओरखडा आहे. नखाएवढा. हाही बत्तीस पावसाळ्यांचा."

तिचं बोट पडद्यावर त्या ओरखड्यापासून पुढं सरकलं.

"ओरखड्यापासून निघालेली भेग इथपर्यंत येते, आणि चौकाराच्या भेगेपाशी थांबते."  मग अंपायरच्या नातीला शोभेल अशा सरळ आवाजात म्हणाली, "चौकार आधीचा. ओरखडा नंतरचा. त्यानंतर बॅटला काहीही लागलेलं नाही. बाबा, चेंडू कडेला लागला होता."

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. इनामदार हार घेऊन धावले. "नानासाहेबांचा निर्णय..." वगैरे काहीतरी ते माइकवर ओरडत होते. मी मागं वळून पाहिलं.

भूपाल उठून उभा राहिला होता. ताठपणा सगळा गेला होता. हळूहळू चालत तो पुढं आला. "मला कळलंच नाही," तो कुणाला तरी सांगत होता. "आधीच्या फटक्यानं हात झिणझिणत होते. देवाशपथ, मला हातात काही जाणवलं नाही. मी मुद्दाम..." नानापुढं आल्यावर त्याला पुढचं बोलता येईना. "नाना, मी बत्तीस वर्षं तुमच्या घरी जेवून तुम्हाला खोटं पाडत होतो," म्हणाला, आणि सत्तावन्न वर्षांचा जावई सासऱ्याच्या पायाशी वाकला.

नानानं त्याचे खांदे मधेच धरले. ऐंशी वर्षांच्या हातात एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

"उठा. उठा आधी. भूपाळराव, तुम्ही आउट नव्हता."

इनामदार म्हणाले, "नाना, लागली होती! पडद्यावर आहे!"

"लागलीच होती. मला ऐकू आली होती. मी कधी नाही म्हटलं का?" नाना उठून उभा राहिला. "पण अपील कुणी केलं होतं?"

मी म्हटलं, "अरे, सगळं मैदान ओरडलं की! मी ऐकलं."

"कुठलं मैदान, अण्णा?"

आणि मला एकमेकांत घुसलेली ती दोन मैदानं आठवली.

ज्यांना क्रिकेट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॅट्समन कितीही स्वच्छ बाद असो, फिल्डिंग करणाऱ्या अकरांपैकी कुणीतरी 'हाउज दॅट' म्हणून विचारल्याशिवाय अंपायरला बोट वर करता येत नाही. कायदाच आहे. अंपायरला दिसलं, ऐकू आलं, खात्री पटली, तरी कुणी विचारेपर्यंत तोंड मिटून उभं राहायचं.

"कीपरला वाटलं, पॅडला घासून गेला," नाना सांगत होता. "बोलरनं डोक्याला हात लावला आणि वळला. स्लिपमध्ये एक जण जांभई देत होता. मला कड ऐकू आली होती, कान टवकारलेले होते, आणि तेवढ्यात आरोळी झाली. अकरा जणांची. बोट आपोआप वर गेलं. एवढ्या वर्षांची सवय. मग बघतो तर आमची फिल्डिंग माझ्याकडंच बघतीये, हे काय झालं म्हणून. आणि पलीकडच्या मॅचचा बॅट्समन मान खाली घालून परत चाललाय. आरोळी त्यांची होती."

"आमची पोरं नाचली होती!" गर्दीतून एक म्हातारा म्हणाला. त्या दिवशी तोच विकेटकीपर होता.

"बोट दिसल्यावर नाचलात. तू सांग, तू विचारलं होतंस?"

 "नाही," म्हातारा म्हणाला. "पण फुकट मिळालेली विकेट कोण परत देतं हो, नाना?"

"देता आली असती. पुढचा चेंडू पडेपर्यंत निर्णय फिरवता येतो. पुढचा गडी पॅड बांधून यायला दोन मिनिटं होती." नानाचा आवाज आता खाली आला. "मी फिरवणार होतो. तेवढ्यात भूपाळराव माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले, 'चष्मा बदला, पोस्टमन. पत्रं पण अशीच चुकीच्या घरात टाकत असाल.' माझ्या कामावर बोलले. मला राग आला. म्हटलं, लागली तर आहे, जा आता. दोन मिनिटं मी उभा राहिलो आणि पुढचा चेंडू टाकू दिला."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. बत्तीस वर्षांत नाना एकदाही 'तुम्ही आउट होता' असं म्हणाला नव्हता. दर वेळी 'लागली होती', एवढंच. हा माणूस जावयाशी खोटं बोलला नव्हता, आणि खरंही बोलला नव्हता.

वृंदा उठली. चेहरा लाल. "म्हणून तुम्ही लग्नाला लगेच हो म्हणालात? नाना, म्हणजे मी काय भरपाई होते?"

"मला वाटलं होतं, त्यानं फिटेल," नाना म्हणाला. "नंतर तुम्ही दोघं सुखात दिसलात, तेव्हा लक्षात आलं की तेवढा मोठेपणासुद्धा माझा नाही. तू त्यांच्याशी लग्न केलंच असतंस."

"केलंच असतं! मोटार मी स्वतः बिघडवली होती!"

कुणीतरी हसलं. भूपाल हसला नाही.

"मी शिबिराला गेलो असतो," तो म्हणाला.

"हो."

"पुढं काय झालं असतं, माहीत नाही. पण तिथवर गेलो असतो."

"हो."

"तुम्ही बत्तीस वर्षं खरं बोलून मला फसवलंत, नाना. आणि मी बत्तीस वर्षं खोटं बोलत होतो, तरी माझंच बरोबर होतं. आता याचं काय करायचं, ते मला सांगा. तुम्ही अंपायर आहात ना?"

 भूपालनं टेबलावरची आपली बॅट उचलली आणि दारातून थेट बाहेर गेला. सुतार हातात पेचकस घेऊन कोपऱ्यात उभा होता, नाना त्याला म्हणाला, "ती पाटी काढ. नुसतं 'पंच कक्ष' लिहा. पुरे." इनामदार हारासकट खाली बसले.

* * *

आम्ही बाहेर आलो तेव्हा भूपाल नव्या मैदानाच्या मधोमध उभा होता. हिरवळ नवी, पीच नवीन, तीन-तीन स्टंप उद्घाटनासाठी रोवून ठेवलेले. तो बॅटिंगच्या टोकाला पाठमोरा उभा होता. बॅट काखेत.

नाना काठी टेकत निघाला. शर्वाणी हात धरायला गेली तर म्हणाला, "अंपायरला हात धरून नेत नाहीत." सीमारेषेपासून पीचपर्यंत त्याला किती वेळ लागला म्हणून सांगू, दुसऱ्या कुणी तेवढ्यात शतक काढलं असतं. तीनशे माणसं सीमारेषेवर गप उभी. बोलरच्या टोकाला स्टंपांमागं आपल्या जागेवर जाऊन तो थांबला, काठी खाली ठेवली आणि पाठ सरळ केली.

मग त्यानं उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवला. डावा हात उजव्या खांद्यावर. छातीवर फुली.

लांबून बघणाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला थंडी वाजतीये. पण ही अंपायरची खूण आहे, फार क्वचित दिसणारी: मी आत्ताच दिलेली खूण मागं घेतो. एकतीस वर्षांत नानाला ती करताना मी पाहिलं नव्हतं. तो तसाच उभा राहिला. हात खांद्यांवरून काढेना. कुणाला कळेना, कशासाठी थांबलाय. मला उशिरानं कळलं, माझ्यासाठी. अंपायरच्या खुणेला स्कोअररनं हात वर करून उत्तर द्यायचं असतं. त्याशिवाय खेळ पुढं सरकत नाही. माझ्यापुढं टेबल नव्हतं, वही नव्हती. मी नुसताच हात वर केला, आणि जेवढा वर जाईल तेवढा केला.

नानानं हात खाली घेतले.

भूपालनं हे सगळं वळून पाहिलं होतं. 

"त्या दिवशी मी पोस्टाबद्दल बोललो," तो म्हणाला. बावीस यार्डांवरून बोलायचं म्हणजे मोठ्यानंच बोलावं लागतं, त्यामुळं आम्हालाही ऐकू आलं. "तेवढं मागं घेतो. बाकीचं घेत नाही."

"नका घेऊ."

"घरी भांडायचंय मला तुमच्याशी. सविस्तर."

"या. मी कुठं जातोय?"

भूपालनं दोन पावलं पुढं येऊन क्रीजमध्ये बॅट टेकवली. तीस-बत्तीस वर्षांत न वाकलेले गुडघे कुरकुरत वाकले. बॅट उभी धरून त्यानं नानाकडं पाहिलं.

"मिडल अँड लेग द्या, नाना."

बॅट्समननं आल्या आल्या अंपायरला विचारायचं असतं, माझी बॅट स्टंपांच्या बरोबर समोर आहे का. आणि अंपायरनं बोटानं सांगायचं असतं, इकडं सरक, तिकडं सरक. नाना स्टंपांवर वाकला. ऐंशी वर्षांचे डोळे, समोर ऊन. त्याला बॅट दिसत होती की नुसता जावई, मला शंका आहे. पण शंका असताना नाना घाई करत नाही.

"जरा आत," तो म्हणाला. "अजून थोडं. नाही, फार झालं. हां... हां. तिथंच."

भूपालनं बुटाच्या टोकानं नव्या कोऱ्या पीचवर रेघ ओढली. सीमारेषेवरून इनामदार ओरडले, "अहो, उद्या तिथं मॅच आहे!" भूपालनं तिकडं पाहिलंही नाही. त्यानं रेघ पुन्हा एकदा गिरवली, जरा खोल.